रेषेचा विवेक

संगणकावर यंत्राची त्रिमितीय प्रतिकृती सिद्ध झाली की पेटंटच्या अर्जास लागणाऱ्या आकृत्या कळ दाबताच हाती येतात, हा जो समज आपल्या उद्योजकांत रूढ होत चालला आहे, तो सुखकर असला तरी फसवा आहे. आज्ञावली प्रत्येक कड, प्रत्येक गोलाई आणि स्क्रूचा प्रत्येक आटा सारख्याच निष्ठेने रेखाटते. परंतु ज्या नव्या खटक्यावर अर्जदाराचा सारा दावा उभा, तोच त्या रेषांच्या गर्दीत हरवला, तर ती निष्ठा काय कामाची?

भारतीय पेटंट नियम, 2003 मधील 15 वा नियम वर व डावीकडे 4, खाली व उजवीकडे 3 सेंटिमीटर समास सोडण्यास फर्मावतो आणि आकृतीवर मापे घालण्यास मनाई करतो. कारण ही आकृती कारखान्यातील कारागिरासाठी नसून दाव्याचा अर्थ लावणाऱ्या परीक्षकासाठी असते. म्हणून कोणता भाग छेदून दाखवावा, कोणते सुटे भाग विलग मांडावे, कोणत्या रेषा गाळाव्या आणि कोणता संदर्भ-अंक कोठे द्यावा, याचा निर्णय अर्जातील वर्णन वाचलेल्या जाणत्या आरेखकानेच करावा. कारकुनी खुशाल संगणकाकडे सोपवावी. मुखत्यारी मात्र आरेखकाकडेच असू द्यावी.