अपडेट बंद करायचं की मशीन सुधारायचं?

मैत्रिणींनो, घरातला कॉम्प्युटर आता फक्त मुलांच्या प्रोजेक्टपुरता राहिलेला नाही. कुणी त्यावर बचत गटाचा हिशेब ठेवतं, कुणी शिकवणीच्या प्रश्नपत्रिका काढतं, कुणी शिलाईच्या ऑर्डरी लिहून ठेवतं. बँकेचे व्यवहारही त्यावरूनच होतात. आणि नेमका हाच कॉम्प्युटर ऐन घाईत सुरू व्हायला दहा मिनिटं लावतो. मग दुरुस्तीवाले दादा सांगतात, ‘ताई, अपडेट बंद करून टाका, फास्ट चालेल.’ हा सल्ला ऐकावा का?

प्रश्न आत्ता महत्त्वाचा झालाय, कारण २०१५ साली आलेल्या विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. म्हणून कॉम्प्युटर बंद पडला असं झालं नाही, तो चालतोच. पण आत एखादी नवी फट सापडली, तर ती बुजवणारं अपडेट आपोआप येत नाही. विंडोज ११ टाकावं, तर त्याला निदान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. २०१७ च्या आधीच्या बहुतेक मशीन कंपनीच्या यादीत बसतच नाहीत.

नवं टाकलं की मशीन मंदावतं, ही तक्रार काही खोटी नाही. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं. ते जास्त सुरक्षित होतं, पण जड होतं आणि ऊठसूट परवानगी विचारायचं. लोक कंटाळून जुन्या एक्सपीलाच धरून बसले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या ‘मेल्टडाऊन’ आणि ‘स्पेक्टर’ या त्रुटी उघड झाल्या. त्यावरच्या दुरुस्तीमुळे जुनी मशीन हळू होतील, हे मायक्रोसॉफ्टनेच मान्य केलं होतं. म्हणजे सुरक्षेची किंमत कधीकधी वेगात मोजावी लागते, हे खरंच.

पण दुसऱ्या बाजूचा हिशेबही बघू या. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. तो फायली कुलूपबंद करायचा आणि सोडवण्यासाठी ३०० डॉलर मागायचा. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्यात सापडले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे केरळातल्या काही ग्रामपंचायती आणि आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटर अडकले. आणि गंमत बघा, ही फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलं होतं! फटका बसलेल्यांत बहुतेक जण ते न टाकलेलेच होते.

मंदपणा आपल्याला रोज दिसतो, रोज चिडवतो. धोका मात्र दृष्टीआड असतो, आणि एकाच दिवशी सगळं घेऊन जातो. त्यामुळे आपला कौल नकळत वेगाकडे झुकतो. बँकांचंही हेच झालं होतं. एक्सपीची अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबली, तरी कित्येक एटीएम त्यावरच चालत होती. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला ती बदलण्याचं वेळापत्रकच घालून द्यावं लागलं.

बरं, घरच्या कॉम्प्युटरच्या संथपणाचा सगळा दोष अपडेटचा असतो का? बहुतेक वेळा कारण वेगळंच निघतं. जुनी फिरती हार्ड डिस्क, अपुरी रॅम आणि सुरू होतानाच उघडणारे नको ते दहा प्रोग्रॅम, ही नेहमीची कारणं. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर तेच जुनं मशीन कितीतरी लवकर सुरू होतं. रॅम ४ ची ८ जीबी केली की आणखी फरक पडतो. नव्या कॉम्प्युटरच्या मानाने हा खर्च बराच कमी आहे. वेग इथून मिळवावा, सुरक्षा काढून नव्हे.

मशीन विंडोज ११ घेत असेल, तर आधी ही दुरुस्ती करा, मग ते टाका. घेत नसेल, तर विंडोज १० साठी नावनोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली होती. त्यानंतरचा विचार मात्र आत्ताच करायला हवा. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली जुन्या मशीनवरही बऱ्यापैकी चालते. लिहिणं, हिशेब, इंटरनेट एवढंच काम असेल तर ती पुरते. तुमचं शिलाईचं किंवा हिशेबाचं खास सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, हे तेवढं आधी विचारून घ्या. यातलं काहीच जमणार नसेल, तर निदान बँकेचे व्यवहार त्या मशीनवरून करू नका.

आणि काहीही बदलण्यापूर्वी हिशेब, फोटो, कागदपत्रं वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर उतरवून घ्या. ती डिस्क कॉम्प्युटरला सतत लावून ठेवू नका, कारण वॉनाक्रायसारखा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतो.

पुढच्या वेळी दादा आले की त्यांना तीनच प्रश्न विचारा. टाकताय ते विंडोज अस्सल आहे ना? सुरक्षा अपडेट चालू राहतील ना? आणि एसएसडी बसवायला किती खर्च येईल? उत्तरं नीट ऐका, मग पैसे द्या.