पिष्टान्नगृहातील भात

परकीय पदार्थांची नावे मराठीत आणताना भाषांतरकाराची कशी तारांबळ उडते, याची वाचकांना कल्पना असण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे येते ते शिजलेले अन्न; निवडण्याटिपण्याचा व्याप आमच्याकडे. परवा दक्षिण कोरियातील स्वस्त उपाहारगृहांविषयीचा मजकूर माझ्या मेजावर आला, आणि पहिल्याच ओळीत ‘बुन्शिक’ या शब्दाने वाट अडवली. शब्द मूळचा चिनी लिपीतला. ‘बुन्’ म्हणजे पीठ, ‘शिक्’ म्हणजे अन्न. मला आनंदच झाला, कारण आपल्याकडे यासाठी घडीव शब्द तयार आहे: पिष्टान्न. तो मी लिहूनही टाकला. पण चार ओळी पुढे गेले, तो काय! या पिष्टान्नगृहात सर्वांत जास्त खपणारा पदार्थ कोणता, तर भाताची सुरळी.

पिठाच्या घरात हा भात शिरला कसा? त्याची हकीकत पुढे सांगते. आधी, वाचकहो, तुम्ही त्या दुकानात येऊन बसा तरी.

सोल शहरात शाळेच्या आसपास किंवा भुयारी रेल्वेच्या स्थानकाबाहेर असे दुकान हटकून सापडते. आत पाचसहा मेजे आणि भिंतीवर पदार्थांची लांबलचक यादी असते. कित्येक ठिकाणी मेजावर छापील चिठ्ठी व पेन्सिल ठेवलेली असते; हव्या त्या पदार्थापुढे खूण करायची आणि चिठ्ठी देऊन टाकायची. पाणी ज्याचे त्याने घ्यावे. हळदीसारख्या पिवळ्या रंगाचे मुळ्याचे लोणचे मागाल तितके मिळते, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. बक्षिशी ठेवण्याची चाल नाही. आणखी एक सोय अशी की, येथे एकटे जेवायला संकोच वाटत नाही. त्या देशात निखाऱ्यावर मांस भाजून खाण्याची जी मोठी उपाहारगृहे आहेत, तेथे निदान दोघांचे मागवावे लागते. एकट्या गिऱ्हाइकाची पंचाईत होते. बुन्शिकच्या दुकानात मात्र शाळकरी मुलगी, मोटारहाक्या आणि म्हातारे आजोबा शेजारशेजारच्या मेजांवर एकेकटे बसून निवांत जेवतात.

आता ती सुरळी. तिचे नाव ‘किंबाप’. ‘किम’ म्हणजे समुद्रातील शेवाळाचे कागदासारखे पातळ, वाळवलेले पान, आणि ‘बाप’ म्हणजे भात. (हा शब्द ऐकून आपल्याकडील मुले हसतील, हे गृहीत धरले आहे.) पानावर तिळाचे तेल व मीठ चोळलेला भात पसरतात. त्यावर गाजर, पालक, पिवळा मुळा, अंड्याच्या पोळीची पट्टी, बहुधा डुकराच्या खारवलेल्या मांसाची पट्टी मांडतात, घट्ट गुंडाळतात, वरून तेलाचा हात फिरवतात आणि सुरीने चकत्या पाडतात. सुरळीच्या वड्या ज्या हाताने नीट वळल्या आहेत, त्या हाताला हे काम परके वाटू नये. शाळेची सहल असली म्हणजे कोरियातील आई पहाटे उठून हेच करीत असते.

दुसरा मानकरी ‘तोकबोक्की’: करंगळीएवढ्या लवचीक कांड्या, लाल, गोड आणि तिखट रश्शात रटरटत ठेवलेल्या. रश्शाचा प्राण म्हणजे ‘गोचुजांग’, मिरचीची पूड व आंबवलेले सोयाबीन घालून मुरवलेला लगदा. पूर्वी तोकबोक्की सोयाच्या काळ्या रसात परतून खात. तिला हे लाल रूप १९५३ साली सोलच्या सिंदांग-दोंग भागात मा बोक-रिम या बाईंनी दिले, असे मानले जाते. त्या २०११ साली वारल्या. गोचुजांगाच्या एका जाहिरातीत त्यांनी सांगितले होते की, आपल्या मसाल्याचे गुपित सुनेलाही ठाऊक नाही. ते वाक्य त्या देशात म्हणीसारखे रूढ झाले. सासवा सर्वत्र सारख्याच!

शाकाहारी वाचकांनी मात्र येथे जपून राहावे. तोकबोक्कीचा रस्सा बहुधा सुकवलेल्या बारीक मासळीच्या पाण्यात होतो आणि त्यात माशाच्या लगद्याच्या पट्ट्याही असतात. शेवयांच्या मसाल्यात मांसाचा अंश असतो. ‘सुंदे’ हे तर डुकराचे रक्त व शेवया भरलेले आतडे. त्यातल्या त्यात किंबाप बरा. तो पुष्कळदा डोळ्यांदेखत वळतात, म्हणून मांस, मासळी व अंडे वगळायला आधीच सांगता येते. आणखी एक. काड्या किंवा चमचा भातात उभा खोचून ठेवू नये. पितरांच्या नैवेद्यात तसा चमचा ठेवतात. शेजारच्या मेजावरील माणसाला चर्र होते.

आता भाताची हकीकत. १९५३ साली कोरियातील युद्ध थांबले तेव्हा देश उद्ध्वस्त झाला होता आणि तांदूळ पुरत नव्हता. अमेरिकेच्या १९५४ सालच्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्याखाली गहू मात्र जहाजे भरभरून येऊ लागला. तेव्हा भातावर जगणाऱ्या या लोकांना पीठ खायला शिकवणे, हा पुढील दशकात सरकारचा मोठा उद्योग झाला. १९६९ पासून बुधवारी व शनिवारी, सकाळी अकरा ते सायंकाळी पाच, उपाहारगृहांत भात विकण्यास मनाई होती. शाळेत गुरुजी मुलांचे डबे उघडून पाहत: भातात सातूचे दाणे पुरेसे मिसळले आहेत की नाही? काही मुले शेजाऱ्याच्या डब्यातील सातू उसने घेऊन आपल्या पांढऱ्या भातावर पसरीत. ‘बुन्शिक’ हा शब्द घरोघर पोहोचला तो या मोहिमेतून. तोकबोक्कीच्या कांड्याही तांदळाऐवजी गव्हाच्या होऊ लागल्या. झटपट शिजणाऱ्या शेवयांची पहिली कोरियन पुडी १९६३ साली निघाली, तिची किंमत दहा वॉन होती. तिच्या कारखानदाराने बाजारात लोकांना लष्करी छावणीतील उष्ट्याखरकट्याच्या लापशीसाठी रांग लावलेली पाहिली आणि जपानमधून ही विद्या आणली, असे सांगतात.

हे वाचताना मला आमच्या आजीचा सोमवार आठवला. त्याच कायद्याखालचा गहू आपल्याकडेही येत होता. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लाल मिलोच्या भाकऱ्याही खाल्ल्या. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा अनेक उपाहारगृहे त्या सायंकाळी बंद राहत. आजीने ते व्रत टंचाई सरल्यावरही सोडले नाही. सोमवार शंकराचा, त्यामुळे तिला ते जड गेले नसावे. पण तिचा डबा उघडून पाहायला कोणी आले नव्हते, हा फरक मला मोठा वाटतो. कोरियातील मोहिमेत तर भातापेक्षा गहू अधिक पौष्टिक, असेही लोकांना पटवले जाई. कुटुंबाने काय खावे, हे सांगणारी पाने आम्हीही दर महिन्याला छापतो. म्हणून हा भाग भाषांतरित करताना माझी लेखणी थोडी अडखळली, हे कबूल करते.

पुढे तांदळाची नवी, भरघोस पिकणारी जात आली, १९७७ च्या सुमारास देश तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि भाताचे निर्बंध उठले. लोकांनी पीठ टाकून दिले का? मुळीच नाही. गव्हाच्या कांड्या चांगल्या की तांदळाच्या, यावर तेथे अजून वाद रंगतात. ज्यांचे बालपण शाळेबाहेरच्या दुकानात, पिशवी चढवलेल्या हिरव्या ताटलीवर गेले, ते गव्हाचीच बाजू घेतात. आणि किंबाप दुकानात मानाने स्थिरावला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर हजार वॉनला एक सुरळी देणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली. त्यांतल्या एका प्रसिद्ध नावाचा अर्थच ‘किंबापचा स्वर्ग’ असा आहे. आता तो स्वर्ग महागला आहे. परदेशांतून मागणी वाढल्यामुळे २०२४ मध्ये शेवाळाचे भाव चढले, आणि २०२५ मध्ये सोलला साधी सुरळी साडेतीन हजार वॉनच्या वर गेली. २०२३ मध्ये तर गोठवलेला किंबाप अमेरिकेतील दुकानांतून हातोहात संपला. ज्या देशातून गव्हाची जहाजे येत, तेथे आता भाताच्या सुरळ्या जात आहेत.

राहता राहिला माझा शब्द. ‘पिष्टान्न’ मी खोडला. मजकुरात ‘बुन्शिक’ तसाच ठेवला आहे, आणि खाली तळटीप दिली आहे: मूळ अर्थ पिठाचे अन्न, भातही मिळतो.