मोडीत काढण्याआधी

आपल्या संगणक कक्षातील बारा संगणकांपैकी सात बंद पडले आहेत, ते अटाळ्यात देऊन नवे घ्यावेत, असा प्रस्ताव दिवाळीनंतर विश्वस्त मंडळापुढे ठेवण्यात आला होता. त्यावर सही आमचीच होती. ती आम्ही मागे घेत आहोत.

हे संगणक 2009 साली घेतलेले. तपासायला आलेल्या माणसाने एकही डबा न उघडता "सर, इनमें अब कुछ नहीं बचा" असे सांगितले आणि आम्ही मान डोलावली. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तेव्हा कॉलेजात संगणक नव्हताच. त्यामुळे या विषयात कोणी ठामपणे बोलले की आम्ही गप्प बसतो. संगणकाच्या बाई मात्र गप्प बसल्या नाहीत. बिघडले आहे काय, एवढे तरी पाहू या, असे त्यांनी सुचवले. नववीची आठ मुले सोबत घेऊन त्यांनी तीन शनिवार त्यात घालवले. आम्हीही खुर्ची टाकून बसलो होतो.

बाईंचा नियम एकच होता : एका वेळी एकच बदल. आधी चालत्या संगणकाची वायर बंद संगणकाला लावून पाहायची, मग मॉनिटर, मग रॅम. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता ते कळतच नाही. प्रयोगवहीत आम्ही वर्षानुवर्षे जे लिहून घेतो, ते मुलांनी त्या दिवशी प्रथमच करून पाहिले.

दोन संगणक सुरू करताच नुसते पीं-पीं करत होते, पडद्यावर काही नाही. ही बहुधा रॅमची तक्रार असते. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबरने पुसले आणि पुन्हा घट्ट बसवली. दोन्ही संगणक चालू झाले. तिसऱ्याचे घड्याळ रोज मागे जाई आणि तो दर वेळी की-बोर्डवरची कळ दाबायला सांगून अडून बसे. त्यात मदरबोर्डवरचा 3 व्होल्टचा बटणासारखा सेल संपला होता. चौथा दहा मिनिटांनी आपोआप बंद होई. त्याच्या पंख्यावर धुळीची गादीच साचली होती आणि प्रोसेसरखालचा, नव्हे, प्रोसेसर आणि त्यावरच्या धातूच्या जाळीमधला लेप वाळून खडखडीत झाला होता. तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होत होता. त्याला आम्ही मृत ठरवले होते!

उरलेले तीन खरोखरच गेले. दोघांच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून डोक्यावर फुटले होते, तिसऱ्याची हार्डडिस्क टक्-टक् वाजते. ते अटाळेवाल्याला न देता ई-कचऱ्यातच जातील. हार्डडिस्क मात्र आधी काढून घेऊ, कारण तीत जुने निकाल आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही तीन संगणक असेच विकले होते. त्यांत नुसता सेलच संपला होता की काय, हा विचार आता आमची पाठ सोडत नाही.

काही विश्वस्त म्हणतील, चालू झाले तरी उपयोग काय? विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 या यंत्रांवर रीतसर बसत नाही. हे खरे आहे. फीचे आणि निकालाचे काम यांवर होऊ नये, त्यासाठी दोन नवे संगणक हवेतच. पण हलके लिनक्स टाकून मराठी टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, प्रोग्रामिंगचे पहिले धडे यांवर सहज होतील. सात नव्हे, दोन घ्यावेत, एवढेच आमचे म्हणणे.

आपल्या शेजारच्या बड्या गणपतीला वर्षातून अनेकदा चोळा चढतो. त्या पंचवीस फुटी मूर्तीचे ते काम दिवसचे दिवस चालते. आमच्या संगणकाचा डबा इतक्या वर्षांत एकदाही उघडला गेला नव्हता. यापुढे दर तीन महिन्यांनी धूळ काढली जाईल.

मुलांनो, घरी उत्साहाने पेचकस घेऊन बसू नका. आधी प्लग काढायचा, मोठ्या माणसाला जवळ बसवायचे. आणि एस.एम.पी.एस.चा पेटारा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर जोराचा झटका देऊ शकतात. तो बिघडला तर बदलायचा.

फुगलेले कपॅसिटर बदलता येतात, असे बाई म्हणतात. पण त्यांना सोल्डरिंग येत नाही. पालकांपैकी कोणाला येत असेल, तर त्यांनी कृपया शनिवारी दुपारी संगणक कक्षात यावे. ते दोन मदरबोर्ड आम्ही अजून ठेवले आहेत.