जपून जा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा!



गेल्या वर्षी मला नैरोबीला जायचे होते. पूर्व आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या, वस्तीपातळीवर काम करणाऱ्या बायकांची दहा दिवसांची कार्यशाळा होती. तिकिटाबरोबर प्रवास-कंपनीने दोन पानी कागद धाडला : केनियात जाणाऱ्या पाहुण्यांसाठी सुरक्षिततेच्या सूचना. अंधार पडल्यावर बाहेर पडू नका. एकटीने पायी फिरू नका. दागिने घालू नका. अंगभर कपडे घाला. अनोळखी पुरुषाशी बोलत थांबू नका. मटाटूने, म्हणजे तिथल्या खच्चून भरलेल्या खासगी गाड्यांनी, प्रवास टाळा.

घरात तो कागद हातोहात फिरला. "आफ्रिकेत कशाला मरायला जातेस?" असे थोरल्या भावाने विचारले. १९८५ साली स्त्रियांची तिसरी जागतिक परिषद याच नैरोबीत झाली आणि आपल्या चळवळीतल्या कितीतरी जणी तिला गेल्या होत्या, हे सांगून उपयोग झाला नाही. आफ्रिका म्हटले की आपल्याला जंगल आणि लुटारू एवढेच दिसते.

निघण्यापूर्वी धरमतरला बचतगटाची बैठक होती. तो कागद मी तिथे मराठीत वाचून दाखवला. मटाटूचे वर्णन ऐकताच म्हावरं विकणारी एक मावशी म्हणाली, "ह्यो तं आपल्या नाक्याचाच कागद हाय गो!" सगळ्या खो खो हसल्या. पेण-अलिबाग रस्त्यावरची मिनीडोअर आणि मटाटू यांत फरक तो काय? तसेच मांडीवर मांडी ठेवून बसणे, तसाच शेजारच्याचा मुद्दाम लागणारा कोपर, आणि आरशातून बघून हसणारा तसाच चालक.

हसणे ओसरले तेव्हा माझ्या घशाशी मात्र काहीतरी अडकले. त्या बैठकीत एक बाई मुलीशिवाय आली होती. दोन वर्षांपूर्वी तिची मुलगी पेणला संगणकाच्या वर्गाला जायची. वर्ग सातला सुटे. मिनीडोअरमध्ये एक माणूस रोज तिच्याच शेजारी येऊन बसू लागला. तिने चालकाला सांगितले. चालक म्हणाला, "जागा नाय तर काय करनार?" मग ती वडखळ नाक्यावरच उतरून धरमतरपर्यंत अंधारातून पायी येऊ लागली. ट्रेलरच्या दिव्यांत रस्त्याची कड धरून चालायचे. एके दिवशी दोघे मोटारसायकलवरून मागे लागले. आईने मला विचारले, काय करू? मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहा वर्षे बायकांच्या प्रश्नांवर काम करणारी. मी काय सांगितले? "सध्या संध्याकाळचा वर्ग बंद कर. जपून राहिलेले बरे." मुलीने वर्ग सोडला. वर्षाच्या आत तिचे लग्न लावून दिले.

त्या प्रवास-कंपनीच्या कागदात आणि माझ्या सल्ल्यात काय फरक होता, हे मला अजून सांगता येत नाही.

याच धरमतरच्या बायका पहाटे चारला म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन निघतात. तेव्हाही काळोखच असतो. वीटभट्टीवर जाणारीला, पहिल्या पाळीला साफसफाईच्या कामाला जाणारीला कुणी सूचनांचा कागद देत नाही. घराला तिच्या पैशाची गरज असली की अंधार चालतो. ती शिकायला, बैठकीला, नाटकाला किंवा नुसती हवा खायला निघाली की त्याच अंधाराला दात फुटतात. मग ही काळजी खरोखर बाईच्या जिवाची आहे की तिच्या मोकळ्या पावलांची?

नैरोबीला गेले. तिथे एका केनियन मैत्रिणीने मला तिच्याकडचा कागद दाखवला. ती आधीच्या वर्षी मुंबईला येऊन गेली होती, तेव्हा तिला मिळालेला. अंधार पडल्यावर बाहेर पडू नका. एकटीने फिरू नका. अंगभर कपडे घाला. देशाचे नाव तेवढे वेगळे! आपण त्यांना भितो आणि त्यांना आपली भीती घालतात. आपल्या सरकारनेही हेच केले आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्रीय पर्यटनमंत्र्यांनी, परदेशी पाहुण्यांना विमानतळावर देण्याच्या सूचनांची माहिती देताना, बायकांनी आखूड स्कर्ट घालू नयेत असे सांगितले. टीका झाल्यावर, ते देवळांपुरते होते, असा खुलासा झाला. त्याच वर्षी जानेवारीअखेर बंगळूरमध्ये एका टांझानियन विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली. आपले कपडे फाडले, अशी तिची तक्रार होती. दुसऱ्याच एका आफ्रिकी माणसाच्या गाडीखाली एक बाई ठार झाली होती. हिचा त्या अपघाताशी संबंध नव्हता. हिचा रंग तेवढा तसा होता. सूचनांच्या कोणत्या कागदाने तिला वाचवले असते?

नैरोबीच्या बायकांनी या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर दिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या एका गाडीतळावर, 'हिचे कपडे नीट नाहीत' म्हणत टोळक्याने एका बाईचे कपडे भर रस्त्यात फाडले. १७ नोव्हेंबरला शेकडो बायका 'माझा पोशाख, माझी निवड' म्हणत मोर्चाने निघाल्या. अशा रीतीने कपडे फाडणे हा त्यानंतर तिथल्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा झाला. फ्लोन इनिशिएटिव्ह ही तिथली संस्था तर मटाटूच्या चालक-वाहकांनाच शिकवते, की गाडीत बाईला त्रास झाला तर तुम्ही काय करायचे. म्हणजे सूचना बदलली नाही, सूचना ऐकणारा बदलला.

आपल्याकडे अजून बाईलाच ऐकवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात, पहाटे गावी निघालेल्या तरुणीवर स्थानकातच उभ्या असलेल्या बसमध्ये बलात्कार झाला. पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर. ती अंधाऱ्या गल्लीत नव्हती, सरकारी स्थानकात गाडीची वाट बघत होती. सगळे नियम पाळले होते तिने! तरी राज्याच्या गृहराज्यमंत्र्यांच्या बोलण्यात आले ते हेच, की आरडाओरडा, प्रतिकार झाला नाही म्हणून आसपासच्यांना कळले नाही. पुढे खुलासा झाला. पण पहिला बोट तिच्याकडेच गेले, ते कसे विसरायचे?

रायगडच्या माणसांना प्रवासातला धोका नवा नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा प्रवाशांना कुणी विचारले का, की पावसाळ्यात निघालातच कशाला? ओरडला का नाहीत? चर्चा झाली ती बोटीची, तिच्यावर बिनतारी यंत्रणा नव्हती याची. बोट बुडाली की बोटीची चौकशी होते. बाईवर हात पडला की चौकशी मात्र बाईचीच.

कुणी म्हणेल, मग सूचना द्यायच्याच नाहीत का? द्या की! केनियाला जाण्याआधी पीतज्वराची लस घ्यावी लागते, परतताना तिचा दाखला लागतो. मलेरियाची काळजी घ्यावी लागते. पासपोर्टची प्रत वेगळी ठेवावी, वकिलातीचा फोन लिहून घ्यावा. ही माहिती झाली. ती घेऊन मी पुढे जाऊ शकते. पण 'बाहेर पडू नका' ही माहिती नव्हे. शिवाय घरात बसून तरी सुटका कुठे आहे? आपल्या देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्कारांत दहांपैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच असतो, असे सरकारी आकडेवारीच दरवर्षी सांगते.

परत आल्यावर धरमतरच्या बायकांनी आपला कागद केला. मी फक्त लिहून घेतला. गाडी चालवणाऱ्यांनो, बाईने तक्रार केली तर त्रास देणाऱ्याला उतरवा, तिला नव्हे. जागा नसेल तर माणसे कोंबू नका. रस्ता सांभाळणाऱ्यांनो, नाक्यापासून पुलापर्यंत दिवे लावा आणि लागलेले चालू ठेवा. पोलिसांनो, संध्याकाळी सात ते नऊ नाक्यावर उभे राहा, आणि तक्रार घेताना 'एवढ्या उशिरा कुठे गेली होतीस' हे विचारू नका. घरच्यांनो, मुलीचा वर्ग बंद करण्याआधी एकदा तिच्याबरोबर नाक्यावर या. पुरुषांनो, अंधार पडल्यावर बायकांच्या मागे गाडी घालू नका.

सत्तावीस जणींच्या सह्या आणि अंगठे घेऊन तो कागद आम्ही ज्याच्या त्याच्या हातात दिला. मिनीडोअरवाल्यांच्या बैठकीतही वाचला. तिथे आधी टिंगल झाली, मग दोघा-तिघा चालकांनी कागद मागून घेऊन गाडीत चिकटवला. काही खांबांवर दिवे लागले आहेत, काही अजून अंधारातच आहेत. आम्ही दर महिन्याला जाऊन विचारतो.

त्या मुलीला भेटायला मी अजून गेलेले नाही. जाणार आहे. माझा सल्ला चुकला होता, हे तिला तिच्या सासरच्या दारात उभे राहून सांगायचे आहे.

तुमच्या नाक्याचा कागदही लिहा. तो कुणाच्या हातात द्यायचा, हे आधी ठरवा. आणि पुढच्या अंकासाठी आमच्याकडे पाठवा.