लाफिएटला ताटापुरतं थांबू नये

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला निघालेली मराठी मंडळी वाटेत लुइझियानातलं लाफिएट शहर ओलांडतात, फार तर तिथे पेट्रोल भरतात. पुढे वाडगाभर गम्बो (तिथला दाट रस्सा) ओरपला की ‘केजन’ जेवल्याचं समाधान! खरं तर न्यू ऑर्लिन्सची ओळख क्रिओल, म्हणजे वसाहतकाळात तिथे मिसळून घडलेल्या संस्कृतीची. केजनांचा मुलूख मागेच राहिलेला असतो.

ब्रिटिशांनी 1755 पासून आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून फ्रेंचभाषक अकेडियनांना हुसकावलं. घरं जाळली, कुटुंबांची ताटातूट केली. त्यातले काही लुइझियानाच्या पाणथळ भागात येऊन वसले. केजन हे मुख्यतः त्यांचे वंशज.

लाफिएटमध्ये बूदां पेट्रोल पंपावरही मिळतं. डुकराचं मांस, भात, कांदा आणि मसाला आतड्यात भरून शिजवलेलं. जाणकार काटा-सुरी मागत नाहीत. टोक तोंडात धरून दातांनी सारण ओढतात, तेही गाडीतच बसून. वसंतात क्रॉफिश या झिंग्यासारख्या जीवाचा लालभडक ढीग मका-बटाट्यांसह थेट टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ओततात. वर्तमानपत्राचा याहून खमंग उपयोग सापडणं कठीण.

पर्यटक इथवर खूश असतो. पण हे शहर ताटापुरतं नाही; त्याला भाषा आणि संगीतही आहे.

लुइझियानाच्या 1921 च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली. फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होत. पुढे त्याच पोरांनी आईबाप झाल्यावर मुलांशी फ्रेंच बोलणं सोडलं. फिडल-अकॉर्डियनवरच्या केजन गाण्यांनाही शिकलेले लोक नाकं मुरडत. 1964 मध्ये केजन फिडलवादक ड्युई बाल्फा न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून आले, तिथल्या टाळ्यांनी भारावून. 1974 मध्ये लाफिएटच्या ब्लॅकहॅम कोलिझियममध्ये केजन संगीताची मैफल झाली. एरवी ज्या गाण्यांवर लोक नाचत, ती या वेळी खुर्चीत बसून ऐकली. प्रतिष्ठा मिळाली ती अशी.

संगीत तरलं, भाषेचं तसं झालं नाही. आज नाचणाऱ्या कित्येकांना गाण्याचे शब्द कळत नाहीत. 1968 मध्ये राज्याने फ्रेंचसाठी ‘कोडोफिल’ ही संस्था काढली, परदेशांतून शिक्षक आणले. त्यात आजीच्या बोलीपेक्षा पुस्तकी फ्रेंचला मान मिळाला, ही तक्रार रास्तच होती. आता काही शाळांत गणित-विज्ञानही फ्रेंचमधून शिकवतात. जवळच्या सनसेट गावात 2021 मध्ये अशी एक शाळा सुरू झाली. महोत्सवांइतकाच पैसा आणि कौतुक तिकडेही वळायला हवं.

या परिसरात ‘फ्रेंच टेबल’ भरतात. ज्येष्ठ मंडळी कॉफी घेत फ्रेंचमध्ये गप्पा हाणतात, नवशिके कान देऊन बसतात. पाहुण्याने तिथेही तासभर टेकावं; शब्द नाही कळला तरी कॉफी कडक असते.