घाट, घड्याळ आणि आपली पोरं

माझ्या हाताखाली शिकून गेलेला एक मुलगा तीन वर्षांपूर्वी घाटात गेला. वय एकोणीस. बाईक वळणावर आली आणि वरून ट्रक उतरत होता. मयतीला सगळा मोहल्ला लोटला होता. दफन करून परतताना जो तो एकच बोलत होता, "आजकालच्या पोरांना वेगाचं खूळ लागलंय." मीही मान हलवली. पण घरी आल्यावर झोप लागली नाही, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती.

त्या पोरांचा एक खेळ होता. घाटाच्या पायथ्याच्या टपरीपासून वरच्या खिंडीपर्यंत कोण किती मिनिटांत पोचतो, याचा. एका वेळी एकच बाईक सुटायची. वर एक जण मोबाईलवर वेळ लावून उभा. सगळ्यांचे आकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. अपघाताच्या महिनाभर आधी मला हे कळलं, तेव्हा मी त्याला रस्त्यात थांबवून म्हणालो, "बेटा, हा मूर्खपणा आहे. अम्मीचा तरी विचार कर." त्याने मान खाली घातली आणि हळूच विचारलं, "सर, मग कुठे करू?"

मला तो प्रश्न उद्धटपणाचा वाटला. मी उत्तर दिलं नाही. खरं तर माझ्याकडे उत्तर नव्हतंच.

उत्तर मला गेल्या मे महिन्यात मिळालं, तेही बर्मिंगहॅममध्ये. कोकणातल्या अनेक मुसलमान घरांसारखंच आमचंही अर्धं खानदान तिकडे आहे. माझा भाचा तिथेच वाढला, एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. रविवारी पहाटे त्याने मला उठवलं. "मामू, चला, तुम्हाला आमचा घाट दाखवतो." तासाभराच्या अंतरावर वूस्टरशायरमधल्या एका शेताडीत आम्ही पोचलो. जागेचं नाव शेल्सली वॉल्श. झाडीतून वर चढत जाणारा अरुंद डांबरी रस्ता, लांबी १००० यार्ड, म्हणजे साधारण ९१४ मीटर. या रस्त्यावर १९०५ पासून मोटारींची चढाईची स्पर्धा होते. अजूनही त्याच रस्त्यावर.

त्या स्पर्धेला हिलक्लाइंब म्हणतात. गाडी एका वेळी एकच सुटते. समोरून कोणी येत नाही, बाजूला कोणी नसतं. तुम्ही आणि घड्याळ, बस. हेच सपाट जागेवर, रेसट्रॅकवर किंवा जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर केलं की त्याला स्प्रिंट म्हणतात. मी पाहत राहिलो आणि माझ्या अंगावर काटा आला. हा तर आमच्या पोरांचाच खेळ! त्यांनी तो स्वतःच्या डोक्याने शोधून काढला होता. फरक एवढाच, की इथे रस्ता बंद होता, प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला मार्शल होता, खाली अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट होतं.

सुटण्याची पद्धतही बघण्यासारखी. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून एक माणूस मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावतो. हिरवा दिवा लागला म्हणजे लगेच सुटलंच पाहिजे असं नाही, तुम्ही तयार झालात की निघायचं. गाडीच्या नाकावर एक उभी पट्टी बसवलेली असते. तिने प्रकाशाचा किरण तोडला की घड्याळ सुरू होतं. वर पोचल्यावर दुसरा किरण तुटला की बंद. सगळ्यात वेगवान गाड्या २३ सेकंदांच्या आत वर जातात. माझ्या भाच्याची साधी, रस्त्यावर चालणारी गाडी त्याहून बरीच मागे. पण तिची बरोबरी तिच्यासारख्याच गाड्यांशी असते. गाड्यांचे वर्ग पाडलेले असतात.

आता कोणी म्हणेल, इंग्रज श्रीमंत आणि शिस्तीचा, त्याचं काय सांगता? तर त्यांचाही इतिहास ऐका. शंभर वर्षांपूर्वी तिथेही या स्पर्धा सार्वजनिक रस्त्यांवर होत. १९२५ च्या मार्च महिन्यात कॉप हिल नावाच्या टेकडीवर एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि एकाचा पाय मोडला. त्यानंतर सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा स्पर्धांना परवानगी देणंच थांबलं. खेळ मात्र मेला नाही. तो खासगी जागेत गेला. शेल्सली तर आधीपासून खासगी रस्ताच होता, १९३८ मध्ये प्रेस्कॉट सुरू झालं, पुढे यॉर्कशायरमध्ये हेअरवूड. एका मोडलेल्या पायावरून त्यांनी खेळाला जागा शोधून दिली. आपण एवढे जनाजे उचलले आणि फक्त पोरांना नावं ठेवली.

दुसरा प्रश्न पैशांचा. मीही भाच्याला तोच विचारला. "अरे, ही नवाबांची हौस, तुला कशी परवडते?" त्याने डबा उघडून पराठा हातात दिला आणि हिशेब सांगितला.

गाडी जुनी माझ्दा एमएक्स-५, १८०० पौंडांची. तिच्यातूनच तो कामावर जातो आणि स्पर्धेलाही तीच चालवत आणतो, त्यामुळे ट्रेलर नाही, ओढायला दुसरी गाडी नाही. टायर रस्त्यावरचेच. मान्यताप्राप्त हेल्मेट, आग न पकडणारा सूट आणि हातमोजे मिळून साधारण ५०० पौंड, आणि ते अनेक वर्षं चालतात. मोटरस्पोर्ट यूके या संस्थेचं लायसन्स आणि क्लबची वर्गणी. मग प्रत्येक स्पर्धेची एंट्री फी, सरासरी दीडशे पौंड. वर्षाला पाच स्पर्धा. नाकावरची ती पट्टी त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यातून घरीच कापली. ओढायची कडी दिसेल अशी हवी, इंजिनची किल्ली कुठल्या बाजूला फिरवली की बंद होतं त्याची खूण हवी, बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरला पिवळी टेप हवी. या सगळ्याला खर्च जवळजवळ नाहीच. गाडी सोडून पहिल्या वर्षाचा खर्च १५०० पौंडांच्या आसपास, म्हणजे आपले दीड लाखाहून थोडे जास्त. तिथल्या पगारात हे वर्षाच्या एका सहलीचे पैसे.

नव्या माणसासाठी त्याचे चार सल्ले मी वहीत लिहून आणले. पहिला, पैसा आधी हेल्मेटवर, मग ब्रेक आणि टायरवर, इंजिनवर सगळ्यात शेवटी. पहिली दोन वर्षं वेळ कमी होते ती चालवणाऱ्यामुळे, गाडीमुळे नाही. दुसरा, गाडीचा नेहमीचा विमा स्पर्धेतलं नुकसान भरून देत नाही, म्हणून जी गाडी मोडली तर रडू येणार नाही तीच आणावी. कर्ज काढून घेतलेली गाडी कधीच नको. तिसरा, आधी एक मोसम मार्शल म्हणून उभं राहावं. फी लागत नाही, जेवण बहुतेक वेळा क्लबच देतो, आणि कोणत्या वळणावर माणसं का चुकतात ते फुकट शिकायला मिळतं. त्याहून स्वस्तात सुरुवात हवी असेल तर ऑटोसोलो नावाचा प्रकार आहे. मोकळ्या पार्किंगमध्ये प्लास्टिकचे शंकू मांडून त्यातून घरची गाडी घड्याळाविरुद्ध न्यायची. चौथा सल्ला, एक गाडी दोघांनी चालवावी. नियम तशी परवानगी देतात.

हा दुसरा चालक कोण, ते मला दुपारी कळलं. माझी भाचेसून! हिजाबवरच सुती बालाक्लावा, त्यावर हेल्मेट, आणि बाई निघाल्या. दिवसभरात प्रत्येकाला दोन सरावाच्या आणि दोन मोजणीच्या फेऱ्या मिळाल्या. प्रत्येक फेरी मिनिटाच्याही आतली. त्यातली सगळ्यात चांगली वेळ धरतात. संध्याकाळी तिची वेळ नवऱ्यापेक्षा चार दशांश सेकंदांनी कमी निघाली. घरी परतताना गाडीत बराच वेळ शांतता होती.

गावी हे सांगितलं तेव्हा आमच्या एका बुजुर्ग शेजाऱ्यांनी लगेच विचारलं, "मास्टर, हा इसराफ नाही का?" प्रश्न रास्त आहे. उधळपट्टी इस्लामला मंजूर नाही, आणि जीव धोक्यात घालणं तर मुळीच नाही. पण आधी उधळपट्टी कुठे चालली आहे ते बघू. आपल्याच मोहल्ल्यात पोरं बाईकच्या सायलेन्सरवर, अलॉय व्हीलवर, एलईडी पट्ट्यांवर हजारो रुपये घालतात. सगळं घेतात, फक्त हेल्मेट घेत नाहीत. ज्या रात्री कब्रस्तानात जाऊन दुआ मागायची, त्या शबे-बरातच्या रात्री मुंबईत पोरं बाईकचे स्टंट करतात म्हणून पोलिसांना नाकाबंदी करावी लागते. दुसऱ्या दिवशी बातम्यांमध्ये अख्खी कौम बदनाम होते. इसराफ तो आहे.

शर्यतीबद्दल म्हणाल, तर सहीह बुखारीत हजरत अब्दुल्ला इब्न उमर यांची रिवायत आहे. प्रेषित मुहंमद (स.) यांनी मदिनेजवळ घोड्यांची शर्यत लावली होती. तयार केलेल्या घोड्यांसाठी हफिया ते सनियतुल विदा हे लांबचं अंतर आणि तयार न केलेल्या घोड्यांसाठी सनियतुल विदापासून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंतचं छोटं अंतर. 'सनिया' म्हणजे खिंड. इब्न उमर स्वतः त्यात धावले होते. दोन वर्ग, दोन ठरलेली अंतरं, ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट. मी मौलवी नाही, फतवा देत नाही. एवढंच म्हणतो, की तरुणाच्या वेगाच्या ओढीला तिथे हिणवलं गेलं नाही. तिला हद्द आखून दिली गेली. आणि हिलक्लाइंबमध्ये जुगार नाही, बक्षिसात मिळतो तो एक छोटा चषक.

आता आपल्याकडे काय? मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सांगतं, की राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पोरांना हे कलम सांगाच. पण त्यातले 'लेखी संमतीशिवाय' हे शब्द मोठ्यांनीही वाचावेत. कायद्याने दार पूर्ण लावलेलं नाही, आपणच ते कधी ठोठावलं नाही.

घाट बंद करून स्पर्धा घ्या, असं मी म्हणत नाही. ते फार पुढचं काम आहे. पण ऑटोक्रॉस आपल्या आवाक्यात आहे. मोकळ्या मैदानावर मातीचा वळणावळणाचा मार्ग आखायचा आणि एकेक गाडी घड्याळाविरुद्ध सोडायची. देशात एफएमएससीआय ही मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संस्था आहे, तिचे नियम आहेत, लायसन्स आहे, तिच्याशी जोडलेले क्लब आहेत. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकॅडमीने कार्टिंगचा ट्रॅक उभा केला, कोल्हापूरची पोरं देशपातळीवर धावली. म्हणजे हे काम मराठी मुलखात झालेलं आहे.

आमच्या कोकणात अंडरआर्म क्रिकेटची स्पर्धा असली की मांडव पडतो, लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री चालते, दुबई-कुवेतहून देणग्या येतात, पुरुषभर उंचीचे चषक येतात. ज्या मंडळांना हे जमतं, त्यांना वर्षातून एक दिवस मैदान, परवानगी, क्लबचे जाणकार, अग्निशामक आणि अ‍ॅम्ब्युलन्स जमवणं अशक्य नाही. देणगीदारांनी एक चषक कमी द्यावा आणि त्या पैशांत मान्यताप्राप्त हेल्मेटं घ्यावीत, जी पोरांनी आळीपाळीने वापरावीत. गाडीही एकच पुरे, मोहल्ल्यातल्या गॅरेजमधली जुनी मारुती. आपल्या पोरांत निम्मे तरी मेकॅनिक आहेत. चालवणारे पाच आणि तिला तयार करणारे दहा, अशी ती तालीम होईल. आणि पोरींनाही नावं नोंदवू द्या.

यातही धोका आहे, हे मी लपवत नाही. गाडी उलटू शकते, माणूस जखमी होऊ शकतो. दीड लाख काय, पंधरा हजारही आपल्याकडच्या अनेक घरांना जड आहेत. "शिक्षण, नोकऱ्या, घरं हे प्रश्न सोडून हे काय?" असंही कोणी विचारेल. मी शिक्षक आहे, ते प्रश्न मला रोज हजेरीपटावर दिसतात. पण त्याच हजेरीपटावरचं एक नाव आता कब्रस्तानात आहे. तोही प्रश्नच आहे, आणि तो उपदेशाने सुटत नाही हे मी करून बघितलं आहे.

परत आल्यावर मी त्या मुलाच्या अब्बांना भेटलो. भाच्याच्या मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला म्हातारा मार्शल दिसला तेव्हा बोट ठेवून म्हणाले, "हा माणूस तिथे असता ना, सर…" पुढे बोलले नाहीत.

"सर, मग कुठे करू?" हा प्रश्न उद्या दुसरा कोणी विचारील. या हिवाळ्यात जवळपास कुठे ऑटोक्रॉस झाली, तर मार्शल म्हणून झेंडा धरायला मी जाणार आहे. दहा पोरं सोबत नेईन. तुमच्या मोहल्ल्यातून कोणी येत असेल तर कळवा.