कार्ड स्वस्त, पण वॅट किती?

मागच्या रविवारी सकाळीच बेंगळुरूतल्याच मुन्नेकोळालहून फोन आला. "मावशी, कार्ड मिळालं! आरएक्स ५८०, आठ जीबी. साडेसहा हजारांत!" इचलकरंजीच्या माझ्या मैत्रिणीचा हा मुलगा. मारतहळ्ळीत नोकरीला लागून त्याला दीड वर्ष झालं. मित्राबरोबर भाड्याच्या घरात राहतो, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतो, संध्याकाळी गेम खेळतो आणि रात्री ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकतो. एसपी रोडच्या बाजारात दोन तास फिरून त्याने हे सेकंड हँड ग्राफिक्स कार्ड मिळवलं होतं, त्यामुळे आवाजात आनंद मावत नव्हता. रात्री नऊला पुन्हा फोन आला, तेव्हा तो आनंद उतरला होता. गेम सुरू केला की दहा मिनिटांत मशीन बंद पडत होतं.

दुसऱ्या दिवशी वॅटमीटर पिशवीत टाकून मी त्याच्याकडे गेले. भिंतीतलं सॉकेट आणि मशीनचा प्लग यांच्यामध्ये लावायचा हा छोटासा मीटर मशीन किती वीज ओढतंय ते जागच्या जागी दाखवतो. नुसता डेस्कटॉप उघडा असताना आकडा ७१ वॅट होता. गेम सुरू झाला तसा १८०, २४०, २६५ असा चढत गेला. कार्डाचे पंखे घोंगावू लागले आणि टेबलाखाली ठेवलेल्या पायांना गरम झळ लागायला लागली. २९२ वर आकडा क्षणभर थांबला, 'टक्' असा आवाज झाला आणि पडदा काळा पडला.

पेटीचं झाकण काढून एसएमपीएसवरचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, कागद वाचला. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेलं होतं. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या लाइनवर १८ अँपियर होते. बाराला अठराने गुणलं की २१६ वॅट होतात. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही जगतात ते याच लाइनवर. आरएक्स ५८० एकटंच १८५ वॅट मागतं, त्याचा प्रोसेसर ६५. बेरीज अडीचशेपर्यंत जाते आणि देणारा २१६ वरच थांबतो. मशीन बिघडलेलं नव्हतं, त्याने जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतलं होतं.

या कार्डाचा जन्म एप्रिल २०१७ चा. त्या काळात ते उत्तम होतं, यात वाद नाही. पण पुढे इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामात अशी हजारो कार्डं दिवसरात्र तापवली गेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि ही कार्डं जगभरच्या बाजारांत ओतली गेली. ती अजूनही स्वस्त दिसतात ती त्यामुळे. घेणारा किंमत पाहतो, जीबी पाहतो. वॅट किती, हे कुणी विचारत नाही आणि दुकानातही कुणी आपणहून सांगत नाही.

त्याच्या खोलीत वर पाहिलं तर घरमालकाने दोन नवे बीएलडीसी पंखे बसवलेले होते. एकेक २८ वॅटचा. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, हे आता आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे, कारण पंख्यावर ऊर्जा दक्षता ब्युरोचे, म्हणजे बीईईचे, तारे असतात. फ्रिजवर असतात, एसीवर असतात, टीव्हीवर असतात. त्या दोन पंख्यांनी मिळून नव्वदएक वॅट वाचवले आणि टेबलाखालच्या एका कार्डाने त्याच्या दुप्पट खाल्ले. ग्राफिक्स कार्डावर मात्र एकही तारा नाही.

मग मी माझ्या घरच्या मशीनमधलं आरटीएक्स ३०५० काढून आणलं, सहा जीबीचं. हे फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं कार्ड ७० वॅटचं आहे. मदरबोर्डावरचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत वीज देऊ शकतो, म्हणून याला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नाही. खोबणीत बसवायचं, स्क्रू आवळायचा, संपलं. तोच गेम, तीच सेटिंग्ज ठेवली. मीटरवर १५१ वॅट आले. फ्रेम आरएक्स ५८० पेक्षा थोड्या जास्तच मिळत होत्या आणि मशीन बंद पडायचं नाव नाही. निम्म्या विजेत तेवढंच काम, किंबहुना जरा अधिक.

आता पैशांचा हिशेब. फरक १४१ वॅटचा. रोज चार तास खेळणं किंवा रेंडरिंग धरलं तर महिन्याला जवळपास १७ युनिट होतात. इथल्या वीज कंपनीचा, बेसकॉमचा, घरगुती दर २०२५-२६ साठी ५ रुपये ८० पैसे, वर ३६ पैसे अधिभार. कर धरून वर्षाला तेराशेच्या वर रक्कम जाते, तीन वर्षांत चार हजार. साडेसहा हजारांच्या कार्डाला त्याची भूक भागवणारा चांगला एसएमपीएस घ्यायचा तर आणखी तीन-साडेतीन हजार. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सगळं मिळून चौदा हजारांच्या घरात जातं, आणि वॉरंटी शून्य. नवंकोरं ३०५० सोळा-सतरा हजारांना तीन वर्षांच्या वॉरंटीसह मिळतं. भाव आठवड्याला हलतात, पण हिशेबाची रीत हलत नाही.

कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी याला आणखी एक पदर आहे. जुलै २०२३ पासून इथे गृहज्योती योजना आहे. मागच्या वापराच्या सरासरीवरून ठरलेले युनिट मोफत, त्यावरच्या युनिटांचे पैसे भरायचे, आणि महिन्याचा वापर २०० च्या पुढे गेला की त्या महिन्याचं सगळंच बिल आपल्या माथी. या दोन मुलांचा वापर १९० च्या आसपास असतो. गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि दोन संगणक, दुसरं काय होणार? त्यात १७ युनिटांची भर पडली की २०७, आणि स्थिर आकार धरून दीड हजाराच्या वर बिल. सतरा युनिटांची खरी किंमत त्या महिन्यात एवढी पडते. महाराष्ट्रातल्या वाचकांनाही हे परकं नाही. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या आतला आणि बाहेरचा दर यांत दुपटीच्या आसपास फरक आहे. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या घराला एक कार्डसुद्धा पलीकडे ढकलू शकतं.

पण म्हणून सर्वांत कमी वॅटचं कार्ड घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं. त्याची मेमरी चार जीबी, मदरबोर्डाशी बोलायला चारच लेन आणि व्हिडिओ एन्कोडर नाहीच. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस बोर्डावर त्या चार लेनचा वेगही निम्मा होतो, आणि कमी बजेटवाल्याकडे बोर्ड बहुधा जुनाच असतो. कमी खाणारा बैल नांगरच ओढत नसेल तर त्याच्या कमी खाण्याचं कौतुक कशाला?

उलट बाजूचं उदाहरण आरटीएक्स ४०६० चं. २०२३ च्या जूनमध्ये आलेलं हे कार्ड ११५ वॅट घेतं, तर त्याच सुमाराचं आरएक्स ७६०० घेतं १६५. कामात दोघं जवळजवळ बरोबरीची. ४०६० ची जागा आता घेतलेलं ५०६० पुन्हा १४५ वर गेलं, पण कामही वाढलं. ज्याच्याकडे आणखी दहा-बारा हजार आहेत आणि एसएमपीएस धडधाकट आहे, त्याने ३०५० वर थांबू नये. सहा जीबी मेमरी आजच जेमतेम पुरते. इंटेलचं बी ५८० बारा जीबी देतं, ते ब्लेंडरवाल्यांना मोहात पाडतं. ते १९० वॅटचं आहे, आणि बायोसमध्ये वीजबचतीची एएसपीएम सेटिंग चालू केली नाही तर नुसतं बसूनही तीस-चाळीस वॅट खातं. दिवसाचे नऊ तास घरून काम करणाऱ्याचं कार्ड बहुतेक वेळ बसूनच असतं. म्हणून खेळतानाचा आकडा जितका महत्त्वाचा, तितकाच हा बसल्या जागचा आकडाही.

नावांच्या बाबतीत मात्र मला राग येतो. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने दोन वेगळी कार्डं विकली जातात. आठ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आणि १३० वॅट, सहा जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ७० वॅट. पेटीवरचं नाव तेच. एकाला वेगळी वायर लागते, दुसऱ्याला नाही. हे ठळक अक्षरांत लिहिणं उत्पादकाचं काम आहे, आणि ते होत नाही.

मारतहळ्ळीच्या पुलावर उभं राहिलं की ही गोष्ट जास्त लागते. ही कार्डं घडवणाऱ्या कंपन्या इथेच आहेत. एका बाजूला दोड्डनेकुंदीत एनव्हिडियाचं कार्यालय, दुसऱ्या बाजूला रिंग रोडवर देवरबिसनहळ्ळीत इंटेलचा कॅम्पस. एएमडीने आपलं जगातलं सर्वांत मोठं डिझाइन केंद्र २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये याच शहरात उघडलं. वाटेत चहा पिताना ज्यांच्या शेजारी आपण उभे असतो, त्यातले कित्येक जण चिपमधला एकेक मिलिवॅट वाचवायला रात्री जागवतात. व्होल्टेज थोडं उतरवलं तर वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते, हे त्यांचं रोजचं गणित. तेच गणित घरी वापरता येतं. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट शंभर टक्क्यांवरून ऐंशीवर आणा, वेगात पडणारा फरक डोळ्यांना सहसा कळत नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेम ६० वर बांधा, कारण त्यापुढच्या फ्रेम तो दाखवूच शकत नाही.

मारतहळ्ळी या गावाच्या नावाची एक कथा इथे सांगतात. एचएएलचं मारुत विमान या भागात कोसळलं आणि त्यावरून हे नाव पडलं, अशी ती कथा. आम्हा मराठी माणसांना त्या नावात मराठे दिसतात. खरं काय ते असो, पण मारुतची गोष्ट मला या विषयाशी जोडाविशी वाटते. विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेलं हे विमान १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं. त्याची बांधणी मोठ्या इंजिनासाठी केलेली होती. ते इंजिन आलंच नाही, कमी ताकदीच्या ऑर्फियस इंजिनावर भागवावं लागलं, आणि देखणं, सरळ उडणारं ते विमान वेगात कायम मागे राहिलं. बांधणी आणि ताकद यांचं माप जुळलं नाही. संगणकातही कार्ड, प्रोसेसर, एसएमपीएस आणि मॉनिटर यांचं माप जुळावं लागतं. एकच भाग दांडगा घेतला तर बाकीचे त्याच्याखाली दबतात.

त्या मुलाने जुनं कार्ड परत करायचा प्रयत्न केला. दुकानदाराने दोन हजार कापून घेतले. आता तो माझं कार्ड वापरतोय आणि पगार झाला की स्वतःचं घेणार आहे. या वेळी त्याच्या वहीत प्रत्येक कार्डापुढे तीन रकाने आहेत: किंमत, वॅट, आणि तीन वर्षांचं लाइटबिल.

दुकानदारांना माझी विनंती आहे. किमतीच्या पाटीवर जीबीच्या शेजारी वॅटही लिहा, एका आकड्याचीच तर गोष्ट आहे. बीईईने पंख्याला तारे दिले, तसे ग्राफिक्स कार्डालाही द्यावेत. आणि वाचकहो, ते होईपर्यंत खरेदीला जाण्याआधी आपल्या एसएमपीएसवरची १२ व्होल्टची ओळ वाचा, तिथले अँपियर बाराने गुणा, आणि तो आकडा खिशात घेऊनच दुकानाची पायरी चढा.